कडाक्याच्या थंडीसाठी चामड्याचे हातमोजे : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकच्या माणसाला थंडी ठाऊक असते, असा आपला एक गोड समज आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की त्याची बातमी होते, निफाड-दिंडोरीकडचे बागाईतदार द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि अंबड-सातपूरला सकाळच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघालेला कामगार घरात सापडेल तो मोजा हातात चढवतो. ही थंडी खरीच आहे. पण ऊन वर आले की दोन-तीन तासांत ती ओसरते. जिथे दिवसभर पारा शून्याच्या वर येत नाही, तिथे जाणाऱ्याला हा अनुभव पुरत नाही. पुष्कळदा तो फसवतोच, कारण आपल्या थंडीला पुरलेला हातमोजा तिथेही पुरेल असे वाटते.

मीही असाच फसलो होतो. लेहच्या पहिल्या हिवाळी प्रवासासाठी मी घेतलेले हातमोजे काळेभोर, चकचकीत आणि हातावर अगदी चपखल बसणारे होते; दुकानात आरशासमोर ते फार शोभले. लेहच्या विमानतळाबाहेर गाडीची वाट पाहताना दहा मिनिटांतच बोटांची टोके बधिर झाली, आणि मग हातमोजे काढून हात काखेत धरून उभे राहावे लागले. दोष चामड्याचा नव्हता. मी आधी रंग पाहिला, मग चकाकी, मग किंमत, आणि माप व अस्तर पाहिलेच नाही. या लेखात तोच क्रम उलटा केला आहे: आधी गरज, मग माप, मग अस्तर, मग चामडे आणि शिवण, आणि रंगरूप सर्वांत शेवटी. पहिल्या चार गोष्टी जमल्या की देखणेपणा बराचसा आपोआप येतो, कारण हातावर नीट बसलेल्या मऊ चामड्याइतके दुसरे काही शोभत नाही.

पहिली पायरी : थंडी किती आणि तिच्यात किती वेळ

थंडीत शरीर आतल्या अवयवांची उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटे बारीक असल्यामुळे त्यांच्या आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, आणि म्हणून ती सर्वांत आधी गारठतात. हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. रक्ताने बोटांपर्यंत आणलेली उष्णता तो फक्त धरून ठेवतो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

तापमानाचा आकडा पाहताना वाऱ्याचा वेगही पाहावा. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे २० सारखे लागते, आणि उणे २० अंशांत तोच वारा असेल तर उणे ३३ सारखे. कॅनडाच्या हवामान खात्याच्या सूचनेनुसार वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. चामड्याची मोठी उपयुक्तता इथेच आहे: विणलेल्या लोकरी मोज्यातून वारा आरपार जातो, चामड्यातून जात नाही.

माझ्या अनुभवाने साधारण असे गृहीत धरावे. पारा ५ ते उणे ५ अंशांच्या दरम्यान असेल, म्हणजे जर्मनीतील किंवा इंग्लंडमधील शहरी हिवाळा असेल, तर पातळ लोकरीचे अस्तर असलेला नाजूक हातमोजा पुरतो. उणे ५ ते उणे १५ मध्ये जाड लोकरीचे किंवा तत्सम अस्तर हवे. त्याखाली, म्हणजे कॅनडातील विनिपेग किंवा लडाखमधील द्रासच्या हिवाळ्यात, पाच बोटांचा कोणताही सुबक हातमोजा एकटा पुरेसा ठरत नाही. तिथे मिटन लागते. अंगठा वेगळा आणि चार बोटांना मिळून एकच कप्पा, असा हा प्रकार आहे. बोटे एकमेकांना लागून राहिल्यामुळे ती परस्परांना ऊब देतात. दिसायला तो लहान मुलांच्या मोज्यासारखा वाटतो म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण चांगल्या चामड्याचे मिटन लांब कोटावर फार रुबाबदार दिसते.

थंडीत नेमके काय करणार, हेही ठरवावे. गाडीतून कार्यालयात आणि कार्यालयातून गाडीत, एवढाच उघड्यावरचा वेळ असणाऱ्याची गरज वेगळी, आणि बसथांब्यावर वीस मिनिटे उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याची वेगळी. दारासमोरचा बर्फ उपसायला किंवा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला देखणे हातमोजे वापरू नयेत. त्यासाठी एक स्वस्त, जाड, जलरोधक जोडी निराळी ठेवावी. दुचाकीसाठी मिळणारे चामड्याचे हातमोजेही या कामाचे नव्हेत. पडलो तर हात सोलवटू नये म्हणून ते बनवलेले असतात. त्यांच्यात अस्तर बहुधा नसते आणि पुष्कळांना हवेसाठी मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात.

दुसरी पायरी : माप

हातमोज्याच्या मापाची पद्धत फ्रान्समधील ग्रनोब्लच्या झाव्हिए जुव्हँ या कारागिराकडे जाते. त्याने हातांच्या आकारांचा अभ्यास करून मापे ठरवली आणि १८३४ मध्ये हातमोजे कापण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजही युरोपीय हातमोज्यांवर ७, ७.५, ८, ८.५ असे आकडे असतात. तो आकडा म्हणजे तळहाताचा इंचांतील घेर असतो. पण इथे एक गोम आहे. जुना फ्रेंच इंच सुमारे २७ मिलिमीटरचा, तर आपला नेहमीचा इंच २५.४ मिलिमीटरचा. समजा तुमच्या हाताचा घेर २१.५ सेंटिमीटर भरला, तर नेहमीच्या इंचांत तो जवळजवळ साडेआठ होतो आणि फ्रेंच इंचांत जेमतेम आठ. त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबून ऑनलाइन मागणी नोंदवू नये. घेर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावा आणि प्रत्येक उत्पादकाचा स्वतःचा मापतक्ता पाहूनच आकडा निवडावा.

माप घेण्यासाठी शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यावी. ज्या हाताने लिहिता तो हात मोजावा, कारण तो बहुतेकांचा किंचित मोठा असतो. पंजा सरळ पण सैल ठेवावा आणि बोटांच्या मुळाशी हाडांचे जे उंचवटे असतात त्यांच्यावरून, अंगठा वगळून, टेप फिरवावी. टेप ओढून ताणू नये. दुसरे माप मधल्या बोटाचे: त्याच्या मुळाशी असलेल्या घडीपासून टोकापर्यंत. हे दुसरे माप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि म्हणून घेर बरोबर असूनही बोटांच्या टोकाशी रिकाम्या पिशव्या लोंबताना दिसतात. एप्रिल-मेमध्ये खरेदी करत असाल तर उन्हातून आल्या आल्या माप घेऊ नये. उष्णतेने बोटे थोडी सुजलेली असतात. पंख्याखाली अर्धा तास बसावे आणि मग मोजावे.

आता खुद्द बसण्याविषयी. नवख्या ग्राहकाला जो हातमोजा चपखल वाटतो, तो कडाक्याच्या थंडीसाठी बहुधा घट्ट असतो. हात आणि चामडे यांच्यामध्ये स्थिर हवेचा जो पातळ थर राहतो, तोच खरा उबेचा साठा असतो. घट्ट हातमोज्यात हा थर उरत नाही, शिवाय बोटांकडे आधीच कमी झालेला रक्तप्रवाह दाबामुळे आणखी अडतो. लेहला मला नडले ते हेच. उलट फार सैल हातमोज्यात मनगटाशी गार हवा आत-बाहेर करत राहते. योग्य खूण अशी: हात उघडा असताना बोटांच्या टोकाशी तीन-चार मिलिमीटर जागा राहावी, मूठ वळल्यावर उंचवट्यांवर चामडे ताणले जावे पण हाताला आवळू नये, आणि बोटांच्या बेचक्यांत हातमोजा थेट मुळापर्यंत पोहोचावा. बेचक्यात मोकळी पोकळी राहत असेल तर ते माप तुमचे नाही.

पातळ रेशमी किंवा लोकरी मोजा आतून घालण्याचा विचार असेल तर तो घालूनच वरचा हातमोजा हातात चढवून पाहावा. बहुधा अर्धे माप मोठे लागते. अंगठ्या घालण्याची सवय असेल तर त्या काढून ठेवाव्यात. त्या अस्तर फाडतात.

तिसरी पायरी : अस्तर

हातमोज्याची ऊब मुख्यतः अस्तरातून येते, आणि दुकानात हेच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हात आत घालण्याआधी मनगटाची कड उलटून पाहावी, लेबल वाचावे, आणि अस्तर बोटांच्या टोकापर्यंत आहे की फक्त तळहातापुरते, हे आत बोट घालून तपासावे. तळव्याला जाड अस्तर आणि बोटांत नुसते पातळ जाळीदार कापड, अशी हातचलाखी मी एकाहून अधिक जोड्यांत पाहिली आहे.

लोकर हा सर्वांत भरवशाचा पर्याय. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी आर्द्रता शोषूनही ओली लागत नाही, आणि त्यामुळे दुकानात शिरून, घामेजून, पुन्हा बाहेर पडणाऱ्याला ती फार सोयीची. तिची एकच अडचण म्हणजे काहींच्या त्वचेला ती टोचते. कॅश्मीअर हे लोकरीहून मऊ, हलके आणि पातळ असूनही उबदार. लडाखच्या चांगथांग भागातील शेळ्यांच्या आतल्या बारीक केसांपासून पश्मिना मिळतो तो याच जातीचा. इथे एका शब्दाने घोळ होतो. आपल्या बाजारात ‘काश्मिरी’ हा शब्द कोणत्याही मऊ, उबदार वस्तूला चिकटवला जातो. ‘काश्मिरी अस्तर’ असे ऐकले तर तंतू कोणता आणि किती टक्के, हे लेबलवर दाखवायला सांगावे. बहुतेक वेळा तिथे पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक लिहिलेले आढळते.

पॉलिएस्टर वाईटच असते असे मात्र नव्हे. चांगले फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचे मऊ, लवदार कापड, उबदार असते, लवकर वाळते आणि लोकरीहून स्वस्त पडते. थिन्सुलेटसारख्या अतिशय बारीक कृत्रिम तंतूंच्या थरांचा फायदा असा की कमी जाडीत ते बरीच हवा अडवून ठेवतात, त्यामुळे हातमोजा फुगीर दिसत नाही. सुबकता आणि ऊब दोन्ही हवे असेल तर हा मध्यममार्ग मला पसंत आहे. रेशमी अस्तर स्पर्शाला सुरेख, पण एकट्याने ते सौम्य थंडीपुरतेच. सशाच्या फरचे अस्तर उबदार असते, परंतु केस झडत राहतात आणि पुष्कळांच्या मनाला ते पटत नाही.

सर्वांत कडक थंडीसाठी शिअरलिंग, म्हणजे लोकर न काढता कमावलेले मेंढीचे कातडे. लोकर आत आणि कातडे बाहेर अशा रीतीने ते वापरतात. वेगळे अस्तर लागतच नाही. ते जाड असल्यामुळे बोटांची चपळाई कमी होते, खिशातून नाणे काढणे अवघड जाते, पण उणे वीसच्या थंडीत नाणे कोणाला हवे असते?

अस्तर नसलेले, नुसत्या चामड्याचे हातमोजे चित्रात फार आकर्षक दिसतात. ते शरद ऋतूसाठी किंवा गाडी चालवण्यासाठी असतात. कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांचा विचार करू नये.

चौथी पायरी : चामडे ओळखणे

आपली चामड्याची पारख पायताणावरून घडलेली असते. कोल्हापुरी चप्पल जाड चामड्याची, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेली. ती तेल पाजून, घालून घालून मऊ होते. हातमोज्याचे चामडे ही अगदी वेगळी वस्तू आहे. ते पहिल्याच दिवशी मऊ असायला हवे, आणि म्हणून ते सहसा क्रोमच्या क्षारांनी कमावतात. जाड आणि कडक म्हणजे टिकाऊ, हा चपलेचा नियम हातमोज्याला लावला तर चुकीची जोडी गळ्यात पडते. सिमेंटच्या संपर्काने ज्यांच्या हाताला पुरळ येते अशांना क्रोमची ॲलर्जी असण्याचा संभव असतो. त्यांनी क्रोमविरहित चामडे असा स्पष्ट उल्लेख पाहूनच घ्यावे, आणि शंका असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

कोणत्या प्राण्याचे कातडे, यावर बरेच ठरते. कोकराचे चामडे सर्वांत मुलायम आणि दिसायला रेशमी. कार्यालयीन पोशाखाबरोबर तेच शोभते, मात्र ते लवकर ओरखडते. लोकरीऐवजी केस असलेल्या मेंढ्यांच्या काही जाती असतात, इथिओपियातील मेंढ्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे चामडे पातळ असूनही चिवट असते आणि उत्तम युरोपीय हातमोजे बऱ्याचदा त्याचेच असतात. बकरीचे चामडे थोडे खरखरीत पोताचे, पण रोजच्या वापराला दणकट. पहिलीच जोडी घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी बकरीचीच सुचवीन. उत्तर अमेरिकेत हरणाच्या चामड्याचे हातमोजे सहज मिळतात. ते मऊ असतात आणि भिजून वाळल्यावरही इतर चामड्यांइतके कडक होत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबरासारख्या प्राण्यांच्या कातड्याचा व्यापार निषिद्ध आहे, तेव्हा इथल्या बाजारात कोणी ‘खास हरणाचे’ म्हणून काही पुढे केले तर तिथून निघून जावे. गाई-म्हशींचे चामडे कामाच्या हातमोज्यांना चांगले, पण जाड असल्यामुळे सुबकतेत मागे पडते. ‘नप्पा’ हे मात्र प्राण्याचे नाव नव्हे. तो मऊ, गुळगुळीत चामड्याचा प्रकार आहे, तेव्हा ‘नप्पा’ ऐकल्यावरही कोणत्या प्राण्याचे, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्याकडे केवळ दर्जाचा नसतो. अनेक घरांत विशिष्ट प्राण्याचे चामडे चालत नाही, जैन कुटुंबांत पुष्कळदा कोणतेच चालत नाही. विक्रेत्याला संकोच न करता विचारावे आणि लेबलवर छापील उल्लेख मागावा. तोंडी ग्वाही पुरेशी नाही. चामडे वर्ज्यच असेल तर साध्या रेक्झिनकडे वळू नये, कारण कडक थंडीत ते ताठरते आणि घड्यांवर चिरते. त्यापेक्षा आत फ्लीस किंवा कृत्रिम तंतूंचे अस्तर आणि वर वारा अडवणारे कापड, अशी जोडी घ्यावी.

खरे आणि खोटे ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. चामड्यावर बोटाने दाबल्यास भोवती बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात आणि बोट उचलल्यावर विरतात. कृत्रिम पृष्ठभाग एकसारखा खळगा दाखवतो. भिंगातून पाहिल्यास खऱ्या चामड्याची रंध्रे वेडीवाकडी विखुरलेली दिसतात, खोट्यात ठसा एकाच नमुन्याचा. कापलेल्या कडेला तंतू दिसतात. कापडावर प्लास्टिकचा थर असेल तर तोही तिथेच उघडा पडतो. वासावर जाऊ नये, वास फवारता येतो. ‘जेन्युइन लेदर’ एवढ्याच शब्दांवरही जाऊ नये. वरचा चिवट थर काढून घेतल्यानंतर उरलेल्या खालच्या थरावर रंगाचा लेप दिलेला मालही याच नावाने विकला जातो. चामड्याचा भुगा चिकटवून केलेले ‘बाँडेड लेदर’ तर एका हिवाळ्यात पापुद्रे सोडते. काडी पेटवून परीक्षा पाहण्याचा सल्ला काही जण देतात. न विकत घेतलेल्या मालावर तो करता येत नाही, आणि विकत घेतल्यावर करण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी : दुकानात करायच्या परीक्षा

उत्तम हातमोजा कापताना कारागीर कातडे आधी ओलसर करून ताणतो, जेणेकरून तयार हातमोजा रुंदीत थोडा ताणला जाईल पण लांबीत वाढणार नाही. तुम्हाला हे दुकानात तपासता येते: बोट लांबीच्या दिशेने हलके ओढावे, ते सहज लांबत असेल तर महिनाभरात बोटे लोंबू लागतील. बोटांच्या बाजूंना चामड्याची अरुंद पट्टी वेगळी जोडलेली आहे का, तेही पाहावे. या पट्ट्यांमुळे बोटाला गोलाई येते. त्या नसतील तर पुढचा आणि मागचा भाग नुसता एकमेकांना शिवलेला असतो आणि बोट चपटे बसते. टाके बारीक आणि सारख्या अंतराचे असावेत, टोकांशी दोरे सुटलेले नसावेत.

हातमोजा चढवताना मनगटाची कड धरून खसकन ओढू नये. आधी चार बोटे आत सरकवावीत, मग अंगठा, आणि दुसऱ्या हाताने बेचक्यांत हलके दाबत तो बसवावा. नंतर सर्वांत महत्त्वाची परीक्षा: हात झटकन दोनदा बाहेर काढावा. अस्तर बोटांच्या टोकाशी टाचलेले नसेल तर ते हाताबरोबर बाहेर येते, आणि मग प्रत्येक वेळी बसथांब्यावर उभे राहून ते पुन्हा आत कोंबत बसावे लागते. ज्या जोडीत हे एकदा घडले, ती कितीही सुंदर असली तरी परत ठेवावी.

त्यानंतर हातमोजे घालून टेबलावरचे एक रुपयाचे नाणे उचलून पाहावे, जॅकेटची चेन लावावी, किल्ली फिरवावी. मोबाइलचा पडदा बोटातील सूक्ष्म विद्युतभारावर चालतो; काही हातमोज्यांत अंगठा आणि तर्जनीच्या टोकाला विद्युतवाहक लेप किंवा धागा असतो. तुमच्याच फोनवर ते तपासावे, दुकानातल्या नव्हे. माझ्या मते ही सोय असली तर चांगलीच, पण तिच्यासाठी अस्तराशी तडजोड करू नये.

सहावी पायरी : रंग, लांबी, रूप

पहिली जोडी काळी किंवा गडद तपकिरी घ्यावी. जुना संकेत असा की हातमोज्यांचा रंग बुटांशी आणि पट्ट्याशी जुळता असावा. तो काटेकोर पाळण्याची गरज नाही, पण काळ्या बुटांवर पिवळसर तपकिरी हातमोजे उपरे दिसतात. करड्या किंवा निळ्या लोकरी कोटावर गडद तपकिरी फार खुलतो. मरून आणि बाटलीहिरवा हे रंग दुसऱ्या जोडीसाठी राखून ठेवावेत.

लांबीकडे शोभेइतकेच सोय म्हणूनही पाहावे. हात पुढे केल्यावर कोटाची बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये मनगटाची पट्टी उघडी राहता कामा नये, कारण तिथे नाडी त्वचेच्या अगदी जवळ असते आणि वारा नेमका तिथेच शिरतो. हातमोजा मनगटाच्या वर किमान पाच-सहा सेंटिमीटर असावा. अरुंद बाहीच्या कोटात तो बाहीच्या खाली जाईल असा पातळ कडेचा, आणि रुंद बाहीसाठी लोकरी विणीची कड असलेला बरा. तीन-चतुर्थांश बाहीचा कोट घालणाऱ्या स्त्रियांना कोपराच्या दिशेने जाणारे लांब हातमोजे लागतात. फुगीर जॅकेटवर कोकराचे नाजूक हातमोजे विसंगत दिसतात; तिथे बकरीचे, थोडे जाड शिवणीचे शोभतात. हातमोज्याच्या पाठीवर बऱ्याचदा तीन उभ्या रेषा शिवलेल्या असतात. त्या केवळ शोभेच्या, पण त्या सरळ आणि दोन्ही हातांवर समान आहेत का यावरून कारागिराचा हात कळतो.

सातवी पायरी : कुठे आणि केव्हा घ्यावेत

नाशिकमध्ये आतून घालायचे लोकरी मोजे, मफलर, टोप्या यांच्यासाठी शरणपूर रस्त्यावरील तिबेटी बाजार सोयीचा आहे. कॅनडाला निघालेल्या विद्यार्थ्याची खरेदी कॅनडा कॉर्नर या चौकाच्या आसपास होते, या योगायोगाची गंमत आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत झाली आहे. पण शून्याखालच्या हिवाळ्यासाठी बनवलेले चामड्याचे हातमोजे हा नाशिकच्या बाजाराचा माल नव्हे; इथे जे मिळतात ते बहुतेक दुचाकीस्वारांसाठीचे. मुंबईत धारावीच्या चामड्याच्या बाजारात पर्याय अधिक आहेत, पण तिथेही अस्तराची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणेच करावी.

सप्टेंबरच्या सत्रासाठी परदेशी शिकायला जाणाऱ्याने हातमोजे इथून नेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुकानांत हिवाळी माल भरलेला असतो, हातात घालून पाहता येतो, आणि त्या गावच्या थंडीला काय पुरते हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारता येते. नाताळाच्या दुसऱ्या दिवशीच्या, २६ डिसेंबरच्या मोठ्या सवलतीची वाट पाहत बसू नये. तोवर हिवाळा सुरू होऊन महिना उलटलेला असतो आणि मधली मापे संपलेली असतात. जानेवारीच्या सत्राला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो विमानतळावरून थेट बर्फात उतरतो, म्हणून त्याच्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नव्हे, एक कामचलाऊ पण खरोखर उबदार जोडी असलीच पाहिजे. चांगली जोडी मग आठवड्याभरात तिथे घ्यावी. नावाजलेल्या उत्पादकांपैकी इंग्लंडची डेंट्स १७७७ पासून आणि स्वीडनची हेस्ट्रा १९३६ पासून हातमोजे बनवत आहे. त्यांचे मापतक्ते वाचले तरी पुष्कळ शिकायला मिळते, खरेदी तिथूनच करायला हवी असे नाही.

आठवी पायरी : निगा

चामडे बर्फाने भिजले तर हातमोजे न पिळता टॉवेलमध्ये हलके दाबावेत, बोटे सरळ करावीत आणि खोलीच्या साध्या तापमानाला वाळू द्यावेत. हीटरवर किंवा रेडिएटरवर ठेवलेले चामडे आक्रसते आणि कडक होते. नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त हातमोजे याच कारणाने जातात. पूर्ण वाळण्याआधी, किंचित दमट असताना, एकदा हातात घालून मुठी वळाव्यात म्हणजे आकार परत येतो. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग चामड्यावर उमटतात. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्यात भिजवून पिळलेल्या कापडाने ते लगेच पुसावेत. हिवाळ्यातून दोनदा चामड्याचे क्रीम अगदी थोडे लावावे. चपलेच्या सवयीने खोबरेल तेल लावू नये, ते अस्तरापर्यंत झिरपते आणि डाग कायमचा राहतो. काढताना प्रत्येक बोटाचे टोक थोडे थोडे सैल करत काढावेत, आणि खिशात कोंबण्याऐवजी सपाट ठेवावेत.

सुटीत घरी परतताना हातमोजे नाशिकला आणणार असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करावा. जुलैच्या दमट हवेत बंद कपाटात आठ-दहा दिवसांतही चामड्यावर बुरशीचा पांढुरका थर धरतो. प्लास्टिकची पिशवी टाळून सुती पिशवीत, बोटांत साधा पांढरा कागद भरून आणि सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावेत, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. थर दिसलाच तर गॅलरीत नेऊन कोरड्या मऊ कापडाने पुसावा. घरात झटकला तर ती बुरशी शेजारच्या शालींवर बसते.